मॉर्फिन आणि नॅलोक्सोन: रिसेप्टर एकच, काम उलटं

मॉर्फिन हे जोरदार दुखणं कमी करणारं औषध, आणि नॅलोक्सोन हे त्याचा डोस जास्त झाला तर देतात ते उलट औषध. दोघंही मेंदूतल्या एकाच म्यू ओपिऑइड रिसेप्टरवर (पेशीवरची अशी औषधं चिकटायची जागा) जाऊन बसतात, फरक बसल्यानंतरचा आहे. मॉर्फिन बसलं की रिसेप्टर चालू होतो, दुखणं कमी होतं, पण त्याच रिसेप्टरमुळे श्वासही मंदावतो आणि डोस फार झाला तर श्वास थांबूही शकतो. नॅलोक्सोन बसतं पण काहीच चालू करत नाही, नुसती जागा अडवतं. किल्ली कुलपात गेली पण फिरलीच नाही, तसं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की नॅलोक्सोनची पकड मॉर्फिनपेक्षा घट्ट असते, त्यामुळे शिरेतून दिलं की २-३ मिनिटांत मॉर्फिन बाजूला पडतं आणि पेशंट नीट श्वास घ्यायला लागतो. म्हणजे चिकटणं वेगळं आणि परिणाम करणं वेगळं, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीची औषधंही समजायला लागतात.

पण नॅलोक्सोनचा इफेक्ट साधारण ३० ते ९० मिनिटंच टिकतो, मॉर्फिनचा ४-५ तास, त्यामुळे पेशंट उठून बोलायला लागला म्हणून लगेच घरी सोडायचं नाही, श्वास परत मंदावू शकतो, लक्ष ठेवायचंच आणि गरज पडली तर परत डोस द्यायचा.