कॅलरींचा अंदाज : मनगटावरचे घड्याळ की छातीवरचा पट्टा?

मनगटावरील घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकून रक्तप्रवाहाच्या चढउतारांवरून नाडी मोजते, तर छातीवरील पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो. त्यामुळे वेग वारंवार बदलणाऱ्या व्यायामात पट्ट्याची नोंद अधिक भरवशाची ठरते. मात्र नाडी अचूक मिळाली म्हणजे कॅलरीही अचूक मिळाल्या, असे नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मनगटावरील ७ उपकरणांपैकी ६ उपकरणांची हृदयगतीतील चूक ५ टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले. याचे मूळ सूत्रात आहे : वय, वजन, उंची, लिंग आणि नाडी यांवरून ऊर्जेचा अंदाज बांधताना उष्म्याने किंवा ताणाने वाढलेली नाडीही श्रमाच्या खात्यात जमा होऊ शकते, आणि हा दोष पट्ट्यालाही टळत नाही. वजने उचलताना तर नाडी आणि ऊर्जा यांचे नातेच सैल होते, तेव्हा तेथे दोघांवरही माझा विश्वास नाही. सलग धावण्यासाठी किंवा सायकलिंगसाठी मी पट्टा निवडेन. चालण्यासाठी आणि दिवसभराच्या हिशेबासाठी घड्याळ पुरेसे आहे, कारण पट्टा दिवसभर बांधून कोण वावरणार?