लांबट चर्च की रुंद सभागृह? नागपुरात बांधकाम काढणाऱ्या मंडळीसाठी

जुनं चर्च अपुरं पडतंय, प्लॉट घेऊन झालाय आणि आता पास्टोरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीत, दोन तट पडलेत. ज्येष्ठांना सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या गॉथिक वळणाचं लांब, उंच चर्च हवंय. तरुणांना खांबांची अडचण नसलेलं रुंद सभागृह हवंय. सगळी चर्चा शेवटी ‘चर्च चर्चसारखं दिसलं पाहिजे’ इथे येऊन अडते. मला विचाराल तर दिसण्याचं नंतर बघू. आत आलेल्या माणसाला ती इमारत काय करायला लावते, हे आधी बघा.

लांबट चर्चमध्ये शिरलं की पाऊल आपसूक हळू पडतं, बोलणं कुजबुजीवर येतं. नजर मधल्या वाटेने थेट वेदीवर जाते. पाळक लांब उभा असतो आणि लहान दिसतो. याची लोक तक्रार करतात, पण मला तोच या रचनेचा मोठा गुण वाटतो, कारण तिथे माणसापेक्षा वेदी मोठी राहते. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, वेळी जागेवरून उठायचं, सगळ्यांदेखत ती वाट चालायची, गुडघे टेकायचे, परत यायचं. एवढ्यानेच प्रार्थनेत शरीरही सामील होतं. आणखी एक गोष्ट आठवड्यातल्या आडवारी कळते. कुणी एकटंच येऊन बसलं तर बाजूच्या बाकावर त्याला आडोसा मिळतो. भल्यामोठ्या उजेडी सभागृहात एकट्याने बसणं अवघडल्यासारखं होतं.

आता रुंद सभागृहाची बाजू. साधा हिशेब करा. दोनशे माणसं, एका ओळीत दहा, म्हणजे वीस ओळी. दोन बाकांत तीन फूट धरले तर शेवटचा माणूस पहिल्या बाकापासून जवळजवळ साठ फूट मागे. तीच माणसं वीस-वीसच्या ओळीत बसवली तर अंतर निम्म्यावर येतं. उपदेश करणाऱ्याचा चेहरा दिसतो, शेजारच्यांचेही दिसतात. पेटी-तबल्यावरचं मराठी भजन तर अशा जवळिकीतच रंगतं. गावाकडच्या कित्येक मंडळ्या चपला बाहेर ठेवून सतरंजीवर बसतात. त्यांना लांब वाट आणि बाकांच्या रांगा शहरात आल्यावरच भेटल्या.

आवाजाचा मुद्दा मात्र नागपुरात वेगळाच आहे. बोललेलं नीट कळायला घुमणारा आवाज सेकंदाभरात विरायला हवा. ऑर्गन आणि समूहगायनाला दोन सेकंद किंवा जास्तही चालतात, उलट तेव्हाच ते भरून येतं. उंच, दगडी, लांब चर्च गाण्याला उत्तम आणि उपदेशाला वाईट, ते यामुळे. त्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, खिडक्यांना चार कूलर लागतात, त्यांच्या घरघरीवर मात करायला माईक मोठा करतात आणि घुमणं आणखी वाढतं. मागच्या बाकावर फक्त ‘प्रियजनहो’ पोहोचतं. म्हणून उंच छत करायचंच असेल तर वरच्या अंगाला झरोके ठेवा, गरम हवा तिथून निघून जाईल. रुंद सभागृहावर पत्रा टाकायचा विचार असेल तर तो सोडा. उन्हाळ्यात भट्टी होते आणि पावसाळ्यात प्रार्थना ऐकू येत नाही.

उजेडाचंही असंच. वेदी पूर्वेला ही जुनी प्रथा. पण तिच्यामागे साध्या काचेची मोठी खिडकी ठेवली तर सकाळच्या उपासनेत ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि पाळकाची नुसती काळी आकृती दिसते. रंगीत काच नाहीतर बाजूच्या उंच, अरुंद खिडक्या हाच उपाय.

‘सभागृह म्हणजे काय चर्च?’ असं म्हणणाऱ्यांना थोडा इतिहास सांगावा लागतो. पहिल्या शतकांतले ख्रिस्ती घरांत जमत. इ. स. ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात मोकळीक मिळाल्यावर मोठ्या जागा लागल्या, तेव्हा त्यांनी नमुना उचलला तो बॅसिलिकाचा, म्हणजे न्यायनिवाड्याच्या आणि व्यवहाराच्या सार्वजनिक सभागृहाचा. जिथे न्यायाधीश बसे, त्या टोकाला वेदी आली. आपण ज्याला अस्सल चर्च म्हणतो ते मुळात कचेरीचं सभागृह!

आणि नागपूरकरांनी तर हा वाद समजून घ्यायलाच हवा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना याच शहरात झाली. सहा प्रोटेस्टंट चर्चसंस्था एकत्र आल्या. अँग्लिकनांची नजर वेदीकडे, प्रेस्बिटेरियनांची पुलपिटकडे, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठाकडे, बॅप्टिस्टांना पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देण्याइतका हौद हवा. लहान मुलांचा बाप्तिस्मा आणि कळत्या वयातला, दोन्ही मान्य झाले. तुमच्या कमिटीतले दोन तट कदाचित तिथूनच आलेले असतील. आजोबांना विचारून बघा.

कॅथलिकांचं गणित निराळं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज काढला. त्यानंतर वेदी भिंतीपासून सुटी झाली, फादर लोकांकडे तोंड करून मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) करू लागले आणि रुंद रचनेला वाव मिळाला. तरी त्यांच्याकडे पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर, चर्चमध्ये कायम असतं, त्यापाशी दिवा असतो. तिथे रिकामं चर्चही रिकामं नसतं.

माझा कौल असा. प्रभुभोजन दर रविवारी असेल, गुडघे टेकायची सवय असेल, तर लांबट बांधा, फक्त लांबी आवरा. महिन्यातून एकदा प्रभुभोजन, दर रविवारी तासाभराचा उपदेश आणि भरपूर भजनं असतील, तर रुंदच बरं. पण त्यात तीन हट्ट धरा. रस्त्यावरून थेट आत येता येऊ नये, मध्ये पडवी असावी. प्रभुभोजनाचा मेज पक्का, एका जागी. कार्यक्रम आला की कोपऱ्यात सरकवायचा नाही. आणि स्टेज नको, दोन पायऱ्यांचा ओटा पुरे. स्टेज झालं की माणसं प्रेक्षक होतात, आणि स्वागत समारंभासाठी हॉल मागणारे पुढच्याच महिन्यात दारात.

आर्किटेक्टकडे जाण्याआधी एका रविवारी प्लॉटवर फक्कीने दोन्ही आराखडे आखा. आधी एकात, मग दुसऱ्यात सगळ्यांना बसवा, एक गीत म्हणा, माईकशिवाय एक अध्याय वाचा आणि शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्या माणसांना पुढपर्यंत चालत यायला सांगा. कमिटीची बैठक त्यानंतर घ्या.