ब्रोकरमार्फत, थेट मालकाकडून की हेवी डिपॉझिटवर? भाड्याच्या घराच्या सुरुवातीच्या खर्चाचा तुलनात्मक आढावा

मुंबई, ठाणे किंवा पुण्यात भाड्याचे घर शोधताना बहुतेक जण आधी महिन्याचे भाडे विचारतात आणि घर परवडेल की नाही हे त्यावरूनच ठरवतात. प्रत्यक्षात किल्ली हातात पडण्यापूर्वी भाड्याच्या कित्येक पट रक्कम उभी करावी लागते आणि ती किती असेल, हे घर कोणत्या मार्गाने मिळवले यावर अवलंबून असते. ब्रोकरमार्फत घेतलेले घर, मालकाशी थेट व्यवहार करून घेतलेले घर आणि भाड्याऐवजी एकरकमी मोठी अनामत देऊन, म्हणजे हेवी डिपॉझिटवर घेतलेले घर, असे तीन मार्ग साधारणपणे समोर असतात. त्यांची तुलना करताना परत मिळणारे पैसे आणि कायमचे जाणारे पैसे यांचे हिशेब वेगळे ठेवावेत, हा माझा आग्रह आहे. हे दोन्ही एका बेरजेत मिसळले की चुकीचे घर स्वस्त वाटू लागते.

सरकारी खर्चाची धास्ती मुळीच बाळगू नये. महाराष्ट्रात निवासी लिव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या नेहमीच्या भाडेकरारावर, ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते आणि ते कराराच्या संपूर्ण मुदतीचे भाडे अधिक अनामत रकमेवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज, एवढ्याच रकमेवर आकारले जाते. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे. म्हणजे तीस हजारांच्या आसपास भाडे असेल, तर अकरा महिन्यांच्या कराराचा हा सरकारी खर्च दोन हजारांच्या आत बसतो. एखाद्या एजंटाने ‘अॅग्रीमेंटचे सहा हजार’ असे मोघम सांगितले, तर त्यात शुल्क किती आणि त्याची फी किती, हे सुटे करून मागावे. हे पैसे वाचवण्यासाठी केवळ नोटरी करून घेण्याचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो मानू नये. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलेली आहे.

खरा फरक दलालीपासून सुरू होतो. भाड्याच्या व्यवहारातील दलाली किती असावी, हे महाराष्ट्रात कोणत्याही कायद्याने ठरवलेले नाही. मुंबईत अकरा महिन्यांच्या करारासाठी भाडेकरूकडून एक महिन्याचे भाडे घेण्याचा प्रघात आहे, तर पुण्यात पंधरा दिवसांपासून एक महिन्यापर्यंत मागितले जाते. ब्रोकर जीएसटीत नोंदणीकृत असेल, तर त्यावर १८ टक्के कर येतो, आणि तो सांगितलेल्या आकड्यात धरला आहे की नाही, हे घर पाहायला जाण्याआधीच विचारलेले बरे. ‘आम्ही महारेराचे (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचे) नोंदणीकृत एजंट आहोत’ या वाक्याने निर्धास्त होऊ नये, कारण ती नोंदणी घरांच्या खरेदी-विक्रीसाठी असते आणि भाड्याच्या दलालीबद्दल तिच्यातून कोणतेही संरक्षण मिळत नाही.

आता आकडे मांडून पाहू. समजा, ठाण्यात एकाच परिसरात दोन सारखे वन बीएचके आहेत. पहिला ब्रोकरमार्फत २८,००० रुपये भाड्याने मिळतो आणि त्याची अनामत दीड लाख आहे. दुसऱ्याचा मालक थेट बोलतो, पण भाडे ३१,००० रुपये सांगतो आणि अनामत एक लाख मागतो. पहिल्या घरासाठी पहिल्या महिन्याचे भाडे, अनामत, जीएसटीसह ३३,०४० रुपये दलाली आणि सुमारे १,८०० रुपये सरकारी शुल्क मिळून जवळपास २,१२,८०० रुपये सुरुवातीलाच लागतात. दुसऱ्यासाठी दलाली वगळता हीच बेरीज १,३२,९०० रुपयांच्या आसपास येते. ऐंशी हजारांचा हा फरक पाहून कोणीही दुसरे घर निवडेल, आणि हातात रोकड कमी असेल तर ते योग्यच आहे.

मात्र कायमचे जाणारे पैसे मोजले की चित्र बदलते. अकरा महिन्यांचे भाडे, दलाली आणि शुल्क धरून पहिल्या घराचा खर्च सुमारे ३,४२,८५० रुपये होतो आणि दुसऱ्याचाही तेवढाच होतो. पहिल्या घरात अडकलेल्या जादा पन्नास हजारांवर सात टक्क्यांनी सुमारे ३,२०० रुपये व्याज बुडते, एवढाच काय तो फरक. तेव्हा एक वर्षच राहायचे असेल, तर थेट मालकाचे घर किंचित स्वस्त पडते. दुसऱ्या करारापासून मात्र पारडे फिरते, कारण दलाली एकदाच दिलेली असते आणि महिना तीन हजारांप्रमाणे अकरा महिन्यांत ३३,००० रुपये वाचतात. अट एवढीच की ब्रोकरने नूतनीकरणावर पुन्हा दलाली मागितलेली नसावी. त्याने अर्ध्या महिन्याची दलाली मागितली, तर जीएसटीसह १६,५२० रुपये जातात आणि बचत निम्म्यावर येते. म्हणून ‘रिन्युअलला काही द्यावे लागणार नाही’ हे पहिल्याच दिवशी लेखी, निदान व्हॉट्सअॅपवर तरी, घेऊन ठेवावे.

ब्रोकरचा उपयोग केवळ पैशांत मोजता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. एकट्या राहणाऱ्या मुली, नोकरीनिमित्त आलेली अविवाहित मुले, आणि आडनाव ऐकताच किंवा स्वयंपाकघरात काय शिजते हे विचारून ज्यांना नकार दिला जातो अशी कुटुंबे, यांचे कित्येक रविवार थेट मालकांना फोन करण्यात वाया जातात. कोणत्या इमारतीत कोणाला घर मिळते, हे ब्रोकरला ठाऊक असते. असे भेद होणे मुळात लाजिरवाणे आहे आणि त्यांची किंमत नेमकी ज्यांना नाकारले जाते त्यांनीच दलालीच्या रूपाने मोजावी, हे अधिकच अन्यायाचे आहे. तरीही निर्णय आजच घ्यायचा असलेल्या माणसाला ही बाजू हिशेबात धरावीच लागते.

अनामतीची जोखीम पहिल्या दोन्ही मार्गांत सारखीच असते. २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा सुचवली आहे. पण तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही आणि महाराष्ट्रातील भाडेव्यवहार १९९९ च्या कायद्याखालीच चालतात. इंग्लंडमध्ये मालकाला अनामत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत नोंदवावी लागते आणि २०१९ पासून एजंटांना भाडेकरूकडून बहुतेक फी घेताच येत नाही. आपल्याकडे अनामत थेट मालकाच्या खात्यात जाते आणि ती परत मिळवण्याचा आधार म्हणजे करारातील शब्द. ‘घर रिकामे झाल्यावर यथावकाश’ असे लिहिलेले असेल, तर ते बदलून ‘किल्ली परत देतेवेळी’ असे करून घ्यावे. रंगकामाची कपात मान्य करायची असल्यास तिचा आकडा करारातच असावा. किल्ली घेतली त्या दिवशी भिंतींवरची ओल, गिझर, पंखे, स्वयंपाकघरातील ट्रॉलीची मोडलेली चाके आणि विजेच्या मीटरचे रीडिंग यांचे फोटो काढून मालकाला लगेच पाठवावेत, कारण वर्षभराने वाद होतो तो याच गोष्टींवरून. अनामत मिळेपर्यंत घर न सोडण्याचा मार्ग धोक्याचा आहे. मुदत संपल्यावर राहणाऱ्याकडून मालकाला दुप्पट दराने भरपाई मागता येते.

हेवी डिपॉझिटचा मार्ग कागदावर सर्वांत आकर्षक दिसतो. वरच्याच २८,००० रुपये भाड्याच्या घरासाठी मालक २५ लाख रुपये एकरकमी मागतो आणि भाडे शून्य म्हणतो, असे समजा. ते पैसे मुदत ठेवीत असते तर सात टक्क्यांनी वर्षाला १,७५,००० रुपये मिळाले असते, आणि वर्षाचे भाडे ३,३६,००० रुपये आहे. दीड लाखाहून अधिक बचत झाली, असे वाटते. पण हाच हिशेब मालकाच्या बाजूने करावा. भाडे सोडून तो २५ लाखांवर साडेतेरा टक्क्यांच्या जवळपास किंमत मोजत आहे. घर तारण ठेवून बँकेकडून साधारणपणे याहून कमी दराने कर्ज मिळत असताना तो बँकेकडे का गेला नाही, याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. घरावर आधीच कर्ज असेल आणि हप्ते थकले, तर बँकेचा हक्क पुढे उभा राहतो आणि तुमची रक्कम विनातारण उरते. यासाठी इंडेक्स टू (नोंदणीकृत दस्ताचा उतारा), सोसायटीच्या दप्तरातील बोज्याची म्हणजे कर्जाची नोंद आणि सरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदणी संस्थेच्या संकेतस्थळावरील तारणाचा शोध, हे तिन्ही तपासावे आणि संपूर्ण रक्कम करारात दाखवून बँकेमार्फतच द्यावी. इतके करूनही, आयुष्याची बचत यात घालण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

माझे मत असे, की वर्षभरात बदली होण्याची शक्यता असेल किंवा हातात दीड लाखाच्या आतच रक्कम असेल, तर थोडे जास्त भाडे देऊन थेट मालकाचे घर घ्यावे. मुलांची शाळा जवळ आहे, तीन-चार वर्षे हलायचे नाही, असे असेल तर दलाली देऊन कमी भाड्याचे घर घेणे फायद्याचे ठरते. दोन्ही ठिकाणी लॉक-इनचे कलम, म्हणजे ठरावीक मुदतीआधी घर न सोडण्याची अट, वाचायला विसरू नये, कारण सहा महिन्यांच्या लॉक-इनमध्ये तिसऱ्या महिन्यात घर सोडावे लागले, तर उरलेल्या तीन महिन्यांचे भाडे अनामतीतून कापले जाऊ शकते. कराराच्या नोंदणीसाठी एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, आधार पडताळणीसाठी फोटो निघतो, आणि तेव्हा अनेक जण कराराचा मसुदा पहिल्यांदा पाहतात. मसुदा दोन दिवस आधी मागवावा, आणि टोकनचे पाच-दहा हजार रुपये तो वाचून झाल्यावरच, व्यवहार फिसकटल्यास ते परत मिळतील असे लिहून घेऊन, मालकाच्या खात्यात पाठवावेत.