उभी यंत्रं, चालती यंत्रं: रुग्णालयाच्या विजेसाठी देखभालीची कोणती पद्धत निवडावी?

रुग्णालयात अंधार होतो तेव्हा दोन बिघाड एकत्र आलेले असतात. बाहेरची वीज गेलेली असते, आणि ती गेल्यावर जो जनरेटर आपोआप सुरू व्हायला हवा होता तो सुरू झालेला नसतो. पहिल्यापुढे रुग्णालयाचं काही चालत नाही. दुसरा मात्र बहुतेक वेळा कितीतरी आधीच घडून गेलेला असतो. बॅटरी कोरडी पडलेली असते, सिलेक्टर स्विच ‘ऑटो’वरून हललेला असतो, आणि कुणाला पत्ता नसतो. व्हेंटिलेटरवर रुग्ण असताना हे शोधायला वेळ मिळत नाही.

देखभालीचं धोरण ठरवणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. बिघडलं की दुरुस्त करायचं, ही पहिली. ठरलेल्या तारखेला तपासायचं, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, ही दुसरी. तिसरी कंडिशन-बेस्ड: तापमान, तेल, इन्सुलेशन मोजत राहायचं आणि लक्षण दिसलं की हात घालायचा. पहिली कागदावर स्वस्त दिसते, तिसरी आधुनिक वाटते. पण अख्ख्या रुग्णालयाला एकच पद्धत लावणं, हीच मला मूळ चूक वाटते. आधी एवढंच पाहावं की यंत्र सतत चालतं, की प्रसंग आल्यावरच उठतं. चालत्या यंत्राला लक्षणं असतात. उभ्या यंत्राला ती नसतात. ते नापास झाल्याचं परीक्षेच्या दिवशीच कळतं.

बिघडल्यावर दुरुस्ती

ही वाट सरसकट टाकाऊ नाही. कॉरिडॉरमधला दिवा, कार्यालयातला पंखा, प्रतीक्षागृहातला सॉकेट यांची दर महिन्याला तपासणी करण्यात इलेक्ट्रिशियनचे तास वाया जातात. बिघाड लगेच दिसतो, कुणाच्या जिवाला धोका नसतो आणि सुटा भाग कपाटात असतो, तिथे हीच पद्धत योग्य.

घात होतो तो न दिसणाऱ्या बिघाडाच्या ठिकाणी. दोन जनरेटर आहेत म्हणून आपण निश्चिंत असतो. त्यातला एक गुपचूप निकामी झाला की आपल्याकडे एकच उरतो, आणि आपण मात्र दोनच्या भरवशावर शस्त्रक्रियांची यादी लावत राहतो. खर्चाची तुलनाही इथे फसवी ठरते. दुरुस्तीच्या बिलात रद्द झालेल्या शस्त्रक्रिया, घाईत हलवलेले रुग्ण आणि रुग्णाला श्वास देण्यासाठी रात्रभर हाताने अंबू बॅग (श्वासाचा फुगा) दाबणारी परिचारिका यांचा हिशोब नसतो.

उभी यंत्रं: इथे कॅलेंडरच जिंकतं

जनरेटर, एटीएस म्हणजे आपोआप चेंजओव्हर करणारा, मुख्य विजेवरून जनरेटरवर नेणारा स्विच, आणि बॅटऱ्या ही उभी यंत्रं. यांच्यावर सेन्सर लावून ‘सर्व ठीक’ असा हिरवा दिवा मिळवता येतो, पण तो विश्रांतीतल्या यंत्राचा असतो. जनरेटर सुरू न होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे त्याची स्टार्टिंग बॅटरी. चार्जर जोडलेला असताना तिचं व्होल्टेज छान दिसतं. इंजिन फिरवायला लागल्यावर ते कोसळतं का, हे इंजिन फिरवल्याशिवाय समजत नाही.

म्हणून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेच्या एनएफपीए ११० या मानकात जनरेटरची दर आठवड्याला पाहणी आणि दर महिन्याला किमान ३० मिनिटं लोडवर, म्हणजे विजेचा भार देऊन, चाचणी सांगितली आहे. डिझेल इंजिनासाठी हा लोड नेमप्लेटवरच्या क्षमतेच्या किमान ३० टक्के हवा, किंवा एक्झॉस्टचं तापमान उत्पादकाने सांगितलेल्या पातळीपर्यंत चढायला हवं. हा आकडा उगाच आलेला नाही. कमी लोडवर चालणारं डिझेल इंजिन पुरेसं तापत नाही, न जळलेलं इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचत जाते. याला वेट स्टॅकिंग म्हणतात. म्हणजे दर सोमवारी दहा मिनिटं बिनलोड जनरेटर चालवून लॉगबुकात सही करणारं रुग्णालय देखभाल करतोय असं समजून इंजिनाला त्रास देत असतं. एवढा लोड मिळत नसेल, तर वर्षातून एकदा लोड बँक (कृत्रिम भार देणारं उपकरण) लावून ५० टक्क्यांवर अर्धा तास आणि ७५ टक्क्यांवर एक तास चालवण्याची तरतूद त्याच मानकात आहे.

चाचणी कशी करावी यावर माझं ठाम मत आहे. जनरेटरच्या पॅनेलवरचं स्टार्ट बटण दाबलं की फक्त इंजिन तपासलं जातं. एटीएसला मुख्य पुरवठा गेल्याचं कळतं का, तो जनरेटरला हाक देतो का, लोड पलटवतो का, हे सगळं बाकीच राहतं. रुग्णालयांच्या अत्यावश्यक लोडसाठी हे सारं १० सेकंदांत व्हायला हवं, असा अमेरिकी नियम आहे. म्हणून चाचणी एटीएसपासूनच सुरू व्हावी. ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूशी वेळ ठरवून, सूचना देऊन, खरी वीज तोडल्यासारखी. डॉक्टरांचा याला विरोध असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण चाचणीत चेंजओव्हर अडकला, तर मुख्य पुरवठा हाताशी असतो, इलेक्ट्रिशियन पॅनेलपाशी उभा असतो आणि सगळे जागे असतात. तोच स्विच पहाटे तीनला अडकला तर यातलं काहीच नसतं. शिवाय कोणता सॉकेट जनरेटरवर आहे आणि कोणता नाही, हे वॉर्डातल्या परिचारिकेला अशाच वेळी कळतं.

यूपीएसच्या बॅटऱ्या अधिक फसव्या. जनरेटर उठेपर्यंतचे ते काही सेकंद त्यांनीच पेलायचे असतात. सेल एकामागोमाग एक जोडलेले असल्यामुळे एका सेलचा आतला जोड तुटला की ती पूर्ण रांग निकामी होते. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंश सेल्सिअसच्या वर साधारण दर ८ ते १० अंशांना निम्मं होतं, त्यामुळे बॅटरीच्या खोलीतला एसी हासुद्धा जीवरक्षक यंत्रणेचाच भाग धरावा. इथे दोन्ही पद्धती एकत्र लागतात. तिमाही इम्पिडन्स (सेलचा आतला रोध) मोजून बिघडत चाललेला सेल हुडकता येतो, पण भरवसा वार्षिक डिस्चार्ज चाचणीचाच, म्हणजे बॅटरी खरोखर वापरून ती किती टिकते ते पाहण्याचा. क्षमता ८० टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलण्याचा प्रघात आहे, आणि त्यात घासाघीस करू नये.

चालती यंत्रं: इथे मोजमाप सरस

ट्रान्सफॉर्मर, मुख्य पॅनेल, बसबार (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या), केबलचे जोड रात्रंदिवस काम करतात आणि बिघडण्याआधी सांगतात. सैल जोड तापतो. थर्मल कॅमेऱ्याने तो पॅनेल चालू ठेवून दिसतो, शटडाउन घ्यावं लागत नाही. आयसीयूला वीज देणारं पॅनेल बंद ठेवण्याची परवानगी मिळवणं किती कठीण असतं, हे ज्यांनी मिळवली आहे त्यांना ठाऊक आहे. तो सगळा त्रास इथे वाचतो. फक्त थर्मोग्राफी, म्हणजे ही कॅमेऱ्याची तपासणी, भर लोडच्या वेळी करावी. जोडातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे निम्म्या लोडवर ती चौथाई होते. रविवारी सकाळी, लोड कमी असताना, काढलेल्या सुंदर निळ्या (थंड दिसणाऱ्या) चित्रांना काही अर्थ नाही.

ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तसंच. तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी म्हणजे त्याची रक्ततपासणी. अ‍ॅसिटिलीन आढळला तर आत ठिणग्या पडत असल्याचा संशय, कार्बन मोनॉक्साइड वाढत गेला तर कागदाचं इन्सुलेशन जळत असल्याचा. एका अहवालावरून फारसं ठरत नाही, ओळीने चार-पाच अहवाल लागतात. म्हणून आज सगळं ठीक असतानाच पहिला नमुना घेऊन ठेवावा.

ऑपरेशन थिएटरमधला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तिथला पुरवठा जमिनीपासून वेगळा ठेवणारा ट्रान्सफॉर्मर, या पद्धतीचं उत्तम उदाहरण आहे. तिथे पहिला अर्थ फॉल्ट (वीज जमिनीकडे गळण्याचा दोष) झाला तरी पुरवठा तुटत नाही. इन्सुलेशन मॉनिटर फक्त गजर करतो; आयईसी ६०३६४-७-७१० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे इन्सुलेशनचा रोध ५० किलोओहमपर्यंत उतरण्याआधीच. पण तो गजर कुणी नुसताच बंद केला आणि दोष तसाच राहिला, तर दुसरा दोष ब्रेकर पाडतो आणि पुरवठा तुटतो, तोही शस्त्रक्रिया चालू असताना. तिसऱ्या वाटेची खरी किंमत इथे दिसते. सेन्सर विकत मिळतो. गजर वाजल्यावर धावणारा आणि त्याचा अर्थ समजणारा माणूस पगारावर ठेवावा लागतो.

कॅलेंडरच्या बाजूने बोलताना एक धोका लपवून चालणार नाही. १९७८ साली अमेरिकेत स्टॅनली नॉलन आणि हॉवर्ड हीप यांनी विमानांच्या देखभालीवर अहवाल दिला. त्यात फक्त ११ टक्के भागांचा बिघाड वयाशी जोडलेला दिसला. ६८ टक्के भाग नवे बसवल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात जास्त बिघडत होते. विमान आणि रुग्णालय वेगळे आहेत, पण धडा इथेही लागू पडतो. नीट चाललेलं पॅनेल दर वर्षी उघडून प्रत्येक बोल्ट आवळला, तर एखादा जास्त आवळला जातो, एखादं हत्यार आत राहतं. चालत्या यंत्राकडे आधी बघावं, मग हात लावावा. अपवाद मोठ्या ब्रेकरचा. तो चालू सर्किटमध्ये असला तरी त्याची यंत्रणा वर्षानुवर्षं जागच्या जागी असते, ग्रीस घट्ट होतं आणि ट्रिप होताना उशीर होतो. तो उभ्या यंत्रांतच मोजावा आणि ठरलेल्या तारखेला चालवून पाहावा.

आपल्यासाठी कोणती?

एक जनरेटर आणि एक-दोन इलेक्ट्रिशियन असलेल्या छोट्या रुग्णालयाने सेन्सरच्या मागे लागू नये. मासिक लोड चाचणी, बॅटरी बदलाच्या तारखा, इंधनाची तपासणी आणि वर्षातून एकदा बाहेरून थर्मोग्राफी, एवढं काटेकोर केलं तर मोठा पल्ला गाठला जातो. मोठ्या रुग्णालयात पॅनेलची संख्या पाहता सततचं मॉनिटरिंग परवडतं, पण तेही मासिक चाचणी सोडून देण्याची सबब होऊ नये.

एएमसी, म्हणजे बाहेरच्या कंपनीला वार्षिक देखभालीचं कंत्राट, द्यावी का? उपकरणं लागणाऱ्या चाचण्या जरूर बाहेर द्याव्यात. मासिक चेंजओव्हरचा सराव मात्र रुग्णालयाच्याच माणसांनी करावा, कारण रात्री हजर तेच असतात.

निवड झाली की काम सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे विजेच्या जोडणीचा नकाशा, हातात घेऊन डिझेलच्या टाकीपासून रुग्णाच्या खाटेपर्यंत चालत जाण्याने सुरू करावं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते. त्यांना इंधन चढवणारे पंप तळघरात होते, आणि तळघर पाण्याखाली गेलं. माणसांनी रांग करून जिन्याने डिझेल वर पोहोचवलं, तरी शेवटी रुग्णालय रिकामं करावं लागलं. तेव्हा आपल्या यादीत इंधनाचा पंप आहे का, तो कोणत्या मजल्यावर आहे आणि त्याला वीज कुठून येते, हे आधी पाहावं.