ईटीएफच्या जुन्या भावांचा विकतचा डेटा पॅक की फुकटची भावकॉपी? वापरून बघितलं, ते लिहितोय

आधीच सांगून टाकतो, ज्यांना वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी: ईटीएफचे, म्हणजे शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणाऱ्या फंडांचे, जुने भाव बघायला ब्रोकरच्या ऍपमधला विकतचा डेटा पॅक घ्यायची काही गरज नाही. एनएसई या शेअर बाजाराच्या साइटवरची रोजच्या भावांची फाइल (तीच भावकॉपी) आणि अँफी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या साइटवरची एनएव्ही हिस्टरी (एनएव्ही म्हणजे फंडाकडच्या मालमत्तेवरून काढलेली एका युनिटची किंमत), दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही मिळून काम होतं. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एक-दोघं सारखे विचारत होते की हा पॅक घेऊ का, म्हणून मी काही आठवडे तो पॅक आणि या फुकटच्या फायली शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. ऍपचं नाव लिहीत नाहीये, कारण तसलाच प्रकार अजून दोनचार ऍपमध्ये आहे आणि उगाच एकालाच कशाला धरायचं.

तर पॅकमध्ये काय मिळतं, छान रंगीत चार्ट मिळतो, एक वर्ष तीन वर्षं पाच वर्षं अशी बटणं असतात, खाली हिरव्या अक्षरात रिटर्न, आणि एक्सपोर्टचं बटण. एक्सपोर्ट केलं की सीएसव्ही येते आणि त्यात दोनच कॉलम, तारीख आणि भाव. बास. कुठला भाव? शेवटचा सौदा, क्लोज की एनएव्ही? स्प्लिट (एका युनिटचे अनेक युनिट करून भाव त्याच पटीत खाली आणणं) धरून की न धरता? काही पत्ता नाही. सपोर्टच्या चॅटवर हेच विचारलं तर उत्तर आलं "सर, हा मार्केटचा अधिकृत भाव आहे, अजून काही मदत हवी आहे का?" परत तोच प्रश्न जरा फोड करून विचारला तर तेच उत्तर, फक्त शेवटी एक स्मायली जास्त.

आता काहीजण म्हणतील की भाव तो भाव, एवढं काय त्यात. तर ऐका. एनएसईची फाइल उघडली की ओपन, हाय, लो, क्लोज, एलटीपी, व्हीवॅप (व्हॉल्यूमच्या वजनाने दिवसभराची सरासरी), व्हॉल्यूम (किती युनिटची उलाढाल झाली ते), सौद्यांची संख्या असे सगळे कॉलम वेगवेगळे दिसतात. एलटीपी म्हणजे दिवसातला शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो. क्लोज म्हणजे तो नव्हे, क्लोज म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासात जे सौदे झाले त्यांची व्हॉल्यूमच्या वजनाने काढलेली सरासरी. आणि त्या अर्ध्या तासात सौदाच झाला नसेल तर मग शेवटचा झालेला सौदा हाच क्लोज, भले तो सकाळी अकराला झालेला का असेना. निफ्टी बीजसारख्या, म्हणजे निफ्टी इंडेक्सवरच्या, धो-धो चालणाऱ्या ईटीएफला याने फार फरक पडत नाही, पण एखादा कोपऱ्यातला थीमवाला ईटीएफ असेल, दिवसभरात मोजून थोडेच सौदे, तर त्याचा क्लोज आणि त्याच दिवशीची एनएव्ही यांचा मेळ बसेलच असं नाही. म्हणून मी आधी सौद्यांची संख्या बघतो, मग भाव. पॅकच्या फाइलमध्ये हा कॉलमच नाही, म्हणजे त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे कळायचा रस्ताच बंद.

स्प्लिटचं प्रकरण तर अजून भारी. निफ्टी बीज हा भारतातला पहिला ईटीएफ, 2001 च्या डिसेंबरमध्ये बेंचमार्क म्युच्युअल फंडाने आणलेला, मग तो गोल्डमन सॅक्सकडे गेला, मग रिलायन्सकडे, आता निप्पॉनकडे आहे. 2019 च्या डिसेंबरमध्ये त्याची फेस व्हॅल्यू 10 रुपयांची 1 रुपया झाली, त्यामुळे बाराशे-तेराशेच्या घरातला भाव एकदम एकशे तीसच्या आसपास आला आणि एकाचे दहा युनिट झाले. सोन्याच्या गोल्ड बीज ईटीएफचं तेव्हाच 100 चं 1 झालं, तीन हजारांच्या वरचा भाव तीस-पस्तीसवर. एनएसईच्या फाइलमध्ये हे भाव कच्चे असतात, म्हणजे त्या दिवशी जो भाव होता तोच छापलेला, मागे जाऊन कोणी बदललेला नाही. न बघता थेट ग्राफ काढला तर गोल्ड बीज एका रात्रीत नव्व्याण्णव टक्के पडलेलं दिसेल. हा एनएसईच्या फाइलचा दोष मी मानत नाही, कच्चा माल कच्चाच असावा, भागाकार आपण करायचा, एकदा शंभराने भागलं की झालं काम. ऍपने चार्टमध्ये हे बरोबर सांभाळलंय, पण एक्सपोर्टच्या फाइलमध्ये भागलेला आकडा आहे हे कुठेही लिहिलेलं नाही. 2018 ची स्वतःची कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली सौद्याची पावती) काढून जुळवायला गेलात तर काहीच जुळणार नाही आणि डोकं मात्र फिरेल.

पण माझा खरा राग लिक्विड बीजवरून आहे. या ईटीएफचा भाव कायम हजाराच्या आसपास असतो, कारण रोजचं उत्पन्न रोज डिव्हिडंड म्हणून जाहीर होतं आणि त्याचे युनिट, अगदी पॉइंट शून्य शून्य काहीतरी असे, तुमच्या डिमॅटला जमा होतात. म्हणजे भाव हलत नाही, युनिट वाढतात. पॅकमध्ये याचा पाच वर्षांचा रिटर्न लावला तर चार्ट एक सरळ रेघ आणि खाली "0.00%". पैसे घेऊन दिलेल्या सर्व्हिसमध्ये हे? ट्रेडिंग करणारे कितीतरी जण मार्जिनसाठी, म्हणजे ब्रोकरकडे तारण म्हणून, हाच ईटीएफ ठेवतात, नवीन माणसाने हे बघितलं तर म्हणेल बँकेतलं सेव्हिंग खातं काय वाईट होतं. एक साधी ओळ टाकायची होती की बाबा याचा परतावा भावात दिसत नाही. एवढीही तसदी घेतलेली नाही.

डिव्हिडंड किती फिरवाफिरव करतो याचं उलटं उदाहरण म्हणजे निफ्टी बीजच. लोक सर्रास म्हणतात की निफ्टीला शंभराने भागा, आला भाव. करून बघा. 2019 संपताना निफ्टी बारा हजार दोनशेच्या आसपास होता, शंभराने भागलं तर एकशे बावीस, पण भाव एकशे तीसच्या जवळ. पुढे निफ्टी पंचवीस हजारांवर गेला तेव्हा अडीचशे यायला हवे तर भाव दोनशे ऐंशीच्या आसपास. फरक वाढत चाललाय, कारण निफ्टीतल्या कंपन्या जो डिव्हिडंड देतात तो फंडात येऊन एनएव्हीतच मुरतो आणि साध्या निफ्टीच्या आकड्यात तो धरलेलाच नसतो. म्हणून तुलना करायची तर निफ्टीच्या टीआरआयशी, टोटल रिटर्नवाल्या आकड्याशी. बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीनेसुद्धा फेब्रुवारी 2018 पासून म्युच्युअल फंडांना टीआरआयशीच तुलना करायला लावली. आमचा हा पॅक मात्र निफ्टी बीजच्या चार्टवर साधा निफ्टी लावतो आणि खाली "इंडेक्सपेक्षा सरस" असं हिरव्या पट्टीत लिहितो. अहो, खर्च कापून घेणारा फंड इंडेक्सपेक्षा सरस कसा असेल?

परदेशी साइटवर "ऍडजस्टेड क्लोज" दिसतो त्याचंही थोडक्यात सांगतो, कारण पुणेकर आयटीवाल्या मित्रांचा हा नेहमीचा प्रश्न असतो. अमेरिकेतला स्पाय हा ईटीएफ 1993 च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हा भाव 44 डॉलरच्या आसपास होता. ऍडजस्टेड कॉलममध्ये तोच दिवस बघितला तर आकडा 25 च्याही खाली. स्पायचं स्प्लिट कधी झालेलंच नाही, हा सगळा त्यानंतर वाटलेल्या डिव्हिडंडचा हिशोब मागे नेऊन लावलेला आहे, आणि नवा डिव्हिडंड वाटला की जुने सगळे आकडे परत थोडे खाली सरकतात. त्यामुळे गेल्या वर्षी डाउनलोड केलेली फाइल आणि आजची फाइल जुळत नाही म्हणून घाबरू नका. रिटर्न काढायला हा कॉलम चांगला, पण त्या दिवशी खरंच काय भाव होता हे बघायला नाही.

आता प्रीमियम, म्हणजे भाव एनएव्हीपेक्षा किती वर आहे ते. इथे दोन्ही फायली शेजारी लागतातच. म्युच्युअल फंडांची परदेशात गुंतवायची मर्यादा संपल्यामुळे 2024 मध्ये नॅसडॅकवाल्या ईटीएफचे नवीन युनिट निघणं अडकलं, घेणारे वाढले, युनिट तेवढेच, मग भाव एनएव्हीच्या बराच वर, कधी कधी दहा टक्क्यांच्याही वर गेला. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या तोंडावर चांदीच्या ईटीएफचं तेच झालं, काही फंड हाउसेसनी तर चांदीच्या फंड ऑफ फंडमध्ये (ईटीएफमध्ये पैसे लावणारा फंड) एकरकमी पैसे घेणंच थांबवलं. नुसता भावाचा चार्ट बघितला तर वाटतं चांदीच चढली. एनएसईचा क्लोज आणि अँफीची त्याच तारखेची एनएव्ही एका शीटमध्ये घेतली आणि वजाबाकी केली की चांदी किती चढली आणि लोकांची घाई किती ते वेगवेगळं दिसतं. फक्त अर्धा-पाव टक्क्याच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका, क्लोज ही अर्ध्या तासाची सरासरी आहे हे वर लिहिलंच आहे.

आणि सोनं घेणाऱ्यांनी 23 जुलै 2024 ही तारीख बघून ठेवा. त्या दिवशी बजेटमध्ये सोन्याचं आयात शुल्क 15 वरून 6 टक्के झालं आणि गोल्ड ईटीएफ धाडकन खाली आले. जगातलं सोनं तेव्हा पडलं नव्हतं. कुठल्याही ऍपच्या चार्टवर ही पायरी दिसते, पण त्यामागचं कारण कुठेच दिसत नाही.

अँफीच्या साइटची एकच तक्रार, एनएव्हीची फाइल अर्धविरामांनी तोडलेली येते, एक्सेलमध्ये उघडली की सगळं एकाच कॉलममध्ये कोंबलेलं. टेक्स्ट टू कॉलम्स करा, डिलिमिटर सेमीकोलन द्या, सुटतं. योजनेचा कोड एकदा लिहून ठेवा म्हणजे मालक बदलून नाव बदललं तरी शोधाशोध नको.

माझे स्टार: एनएसई आणि अँफीची जोडी साडेचार, अर्धा कापला तो त्या सेमीकोलनसाठी. विकतचा पॅक दोन, त्यातला एक स्प्लिट चार्टवर नीट सांभाळल्याबद्दल आणि दुसरा त्या स्मायलीवाल्या सपोर्टच्या माणसाला, तो बिचारा पगारापुरतं बोलतोय. ऑटो रिन्यूअल बंद करायचा ऑप्शन सेटिंगमध्ये नाही, प्रोफाइल, मग बिलिंग, मग अगदी तळाशी करड्या अक्षरात आहे, ज्यांनी आधीच घेतलाय त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय.