सेटलमेंटच्या शेऱ्यानंतर गृहकर्ज: कोणती सेवा कामाची, कोणती पैसे पाण्यात

क्रेडिट कार्डाचं सव्वा लाखाचं येणं पंचाहत्तर हजारांत ‘सेटल’ झालं, बँकेनं पत्र दिलं, वसुलीचे फोन थांबले. कर्जदाराच्या लेखी प्रकरण मिटलं. बँकेच्या लेखी मात्र पन्नास हजार बुडाले, आणि सिबिलच्या अहवालात त्या खात्यासमोर ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा राहिला. पुढे घरासाठी फाइल टाकली की ती बहुतेक वेळा या एका शब्दावर अडते. पगार, वय, फ्लॅटची कागदपत्रं हे सगळं त्यानंतर पाहिलं जातं. म्हणून हा आढावा कर्ज देणाऱ्यांपासून सुरू न करता अहवालापासून करतो.

पतअहवाल देणाऱ्या कंपन्या चार: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकीनं वर्षातून एकदा गुणांसह (क्रेडिट स्कोअरसह) संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. सिबिलच्या संकेतस्थळावर वर्गणीच्या योजना पुढे पुढे येतात. आपल्याला ‘मोफत वार्षिक अहवाल’ हाच पर्याय शोधायचा आहे. चारही अहवाल काढा. एकीकडे बंद झालेलं खातं दुसरीकडे चालू दिसतं, आणि कर्ज देणारी संस्था नेमका कुणाचा अहवाल काढेल हे आपल्या हातात नसतं.

अहवालात आधी गुण पाहू नका, खाती पाहा. प्रत्येक खात्याखाली महिन्यांच्या चौकटी असतात. ‘०००’ म्हणजे हप्ता वेळेवर, ‘०३०’ किंवा ‘०६०’ म्हणजे तितके दिवस उशीर. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. ‘एसयूबी’ (दुय्यम), ‘डीबीटी’ (संशयास्पद), ‘एलएसएस’ (बुडीत) ही अक्षरं एनपीएच्याच चढत्या पायऱ्या सांगतात. चुका ठरावीक जागी सापडतात: फेडलेलं कर्ज चालू दिसणं, वापरात नसलेल्या कार्डाच्या वार्षिक शुल्कावर चढलेलं व्याज, सारख्या नावाच्या दुसऱ्याच माणसाचं खातं, आणि बँकेनं कर्ज एआरसीला (थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला) विकल्यावर एकच थकबाकी दोन्ही नावांवर दिसणं. दुसऱ्यासाठी जामीन राहिला असाल तर ते कर्जही इथेच दिसतं. तेही वाचा.

तक्रारनिवारणाची सेवा सुधारली आहे, हे मोकळेपणानं सांगायला हवं. ऑनलाइन तक्रार मोफत आहे आणि ३० दिवसांत निकाली निघायला हवी. त्यातले २१ दिवस बँकेला उत्तरासाठी. मुदत उलटली तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही हलले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पतअहवाल कंपन्याही आता त्याच्या कक्षेत आहेत. ही सेवा फक्त चुका दुरुस्त करते. खरंच उशिरा भरलेला हप्ता तक्रारीनं पुसला जात नाही. ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणत हजारो रुपये घेणारे एजंट नेमकं हेच लपवतात. ते भरतात तो अर्ज तुम्ही स्वतः फुकट भरू शकता. या एजंटांच्या सेवेला आमच्याकडून शून्य गुण.

‘सेटल्ड’ शेरा काढायचा एकच रस्ता आहे: माफ झालेली उरलेली रक्कम भरणं. जुन्या बँकेला लेखी विचारा की खातं ‘क्लोज्ड’ करायला किती भरायचं आणि व्याज-दंडात किती सूट मिळेल. इथे घासाघीस होते, जरूर करा. उत्तर लेखी आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका आणि पैसे कर्जखात्यातच भरा, वसुलीवाल्याच्या खात्यात कधीच नाही. खातं एआरसीकडे गेलं असेल तर व्यवहार तिच्याशी. नंतरच्या ‘नो ड्यूज’ पत्रात खाते क्रमांक, भरलेली रक्कम, तारीख आणि ‘खातं पूर्ण फेडलं, तसं कळवू’ हे वाक्य हवं. ‘सेटलमेंटनुसार बंद’ लिहून दिलं तर पत्र बदलून मागा, कारण त्या शब्दांत जुनाच शेरा परत येतो. जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे दीड महिन्यात बदल दिसला नाही तर तक्रार टाका. जुनं कर्ज तारणाचं असेल तर सरसाईवरचा (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतला) बोजा उतरला का, तेही पाहा.

आता कर्ज देणारे. किमान गुण किती हवेत हे रिझर्व्ह बँकेनं ठरवलेलं नाही. प्रत्येकाचं धोरण वेगळं. सरकारी बँकांचा दर सर्वांत चांगला, तो रेपोशी (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते त्याच्याशी) जोडलेला, पण जुन्या शेऱ्याबाबत त्या सर्वांत कडक. ज्या बँकेत सेटलमेंट केलं तिथे तर किमान १२ महिने नवं कर्ज न देण्याचा थंडावा रिझर्व्ह बँकेनंच घालून दिला आहे. तिच्याकडे लगेच जाणं व्यर्थ. खासगी बँकांत बरीचशी छाननी संगणकाच्या नियमांवर चालते, तुमचं म्हणणं ऐकायला माणूस सापडणं कठीण.

हाउसिंग फायनान्स कंपन्या खुलासा वाचतात. नोकरी गेली, आजारपण आलं, त्याचे कागद आणि नंतरचे हप्ते नियमित असतील तर फाइल पुढे सरकते. किंमत व्याजात मोजावी लागते. ३० लाख, २० वर्षं: ८.५ टक्क्यांना हप्ता सुमारे २६,०३५ रुपये, ११ टक्क्यांना ३०,९६६. महिन्याला ४,९३१ जास्त, पूर्ण मुदतीत पावणेबारा लाखांवर. शिवाय त्यांचा दर रेपोशी जोडलेला असण्याची सक्ती नाही. म्हणून हे कर्ज दोन-तीन वर्षांचा पूल म्हणून घ्या आणि दर तरता (फ्लोटिंग) आहे याची खात्री करा. तरत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, मग नंतर स्वस्त बँकेत हलवता येतं. ‘पहिली तीन वर्षं स्थिर दर’ या गोड प्रस्तावात त्याच काळात दुसऱ्या बँकेत हलवण्यावर शुल्क लागू शकतं.

रोख किती लागेल हे लोक कमी धरतात. पुण्यात ४० लाखांच्या फ्लॅटवर ३० लाख मिळाले, तर १० लाख स्वतःचे. त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क २.८० लाख आणि नोंदणी ३० हजार. खरेदी फक्त स्त्रीच्या नावे असेल तर मुद्रांकात एक टक्का सूट. हे शुल्क कर्जाच्या हिशेबात धरत नाहीत, म्हणजे १३ लाखांवर हाताशी हवेत.

अर्ज एका वेळी एकाच ठिकाणी करा. डीएसए, म्हणजे कर्ज मिळवून देणारा एजंट, पाच ठिकाणी फाइल ‘लॉगिन’ (दाखल) करतो तेव्हा पाच चौकश्या अहवालात उमटतात आणि सहावा त्या पाहूनच मागे सरतो. लॉगिन फी सहसा परत मिळत नाही, तेव्हा आधी अहवालाची प्रत दाखवून तोंडी विचारा: ‘एवढा शेरा चालतो का?’ पत्नी किंवा पती सहकर्जदार असेल तर उत्पन्न जोडलं जातं, पण तुमचा जुना शेरा झाकला जात नाही. दोघांचेही अहवाल काढले जातात.

सही करण्याआधी ‘मुख्य तथ्य विवरण’ हातात घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून ते बंधनकारक आहे आणि त्यात शुल्कांसह एकूण वार्षिक दर छापलेला असतो. तोंडी सांगितलेल्या ‘साडेनऊ’चे तिथे अकरा झालेले दिसले, तर गळ्यात मारलेला विमा कर्जात मिसळला आहे का ते आधी तपासा. तो घेण्याची सक्ती नाही. काढायला सांगा आणि विवरण नव्यानं छापून घ्या.