टेम्पोतून आलेलं लॉन

धुळ्यात आमच्या देवपुरात परत एक टेम्पो फिरतोय, त्यात हिरव्यागार गवताचे तुकडे रचलेत, असं पोरगी काल सांगत आली. म्हणून लाज गुंडाळून ठेवून लिहितोय.

एप्रिलात तिचा साखरपुडा पंधरा दिवसांवर आला होता. अंगणात वीस बाय पंधराची मोकळी जागा, काळी माती, नुसत्या भेगा. टेम्पोवाला म्हणाला, "काका, मेक्सिकन लॉन आहे. चाळीस रुपये फूट. आज लावतो, उद्या खुर्च्या टाका." धुळ्याच्या उन्हात एप्रिलमध्ये गवत लावणारा मीच एक शहाणा!

दोन बाय एकचे दीडशे तुकडे, म्हणजे तीनशे फूट, बारा हजार रुपये. तुकडे मी स्वतः मोजून घेतले. मोजले खरे, मापला एकही नाही. त्याने ना जमीन खणली, ना शेणखत टाकलं. पाणी मारलं, तुकडे ठेवले, पायाने दाबले. मध्ये चार-चार बोटं माती उघडी दिसत होती. "पसरायला जागा सोडावी लागते, काका." पटलं मला! नंतर टेप लावला तर तुकडा वीस इंच बाय दहा. सगळे मिळून भरले जेमतेम दोनशे आठ फूट.

एवढ्यावर भागलं असतं तर गप्प बसलो असतो. जाताना त्याने 'लॉनचं खास खत' म्हणून दहा किलोची पिशवी दिली, पंधराशे रुपयांना. पिशवीवर गवताचं चित्र. कंपनीचं नाव नाही, घटक नाहीत, काही नाही. दर आठवड्याला अडीच किलो फेकायचं, म्हणाला. मी इमानदारीने फेकलं. तिसऱ्या दिवशी पाती टोकाकडून पिवळी, मग गवताचे चट्टेच्या चट्टे भाजल्यासारखे. एक तुकडा उचलला तर गोधडीसारखा अलगद वर आला. खाली एक मूळ उतरलेलं नव्हतं.

शेजारच्या आबांची साक्रीकडे शेती आहे. त्यांनी पांढरे दाणे तळहातावर घेतले, हुंगले, पेल्यातल्या पाण्यात मूठभर टाकून ढवळले आणि पेला माझ्या हातात दिला. पेला गारेगार. "भाऊ, हाई ते युरिया शे." युरिया विरघळताना पाणी थंड पडतं, आणि त्याला लावलेल्या कडुनिंबाच्या तेलाचा वासही लपत नाही. पंचेचाळीस किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, म्हणजे माझ्या पिशवीत साठ रुपयांचा माल होता. आबा म्हणाले, एवढ्याशा जागेला एका वेळी तीनशे ग्रॅम झाला तरी पुष्कळ, तोही भरपूर पाणी देऊन. मी आठपट टाकला होता.

फोन बंद, पावती नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर सांगायला हातात कागद तर हवा! खताच्या पिशवीवर घटक आणि उत्पादकाचं नाव नसेल तर ती विकणंच बेकायदा आहे, 1985 च्या खत नियंत्रण आदेशानुसार. तेव्हा टेम्पो दारात आलाच तर पिशवीचा फोटो काढा, गाडीचा नंबर घ्या आणि तालुका कृषी कार्यालयात कळवा. आणि टेप घेऊनच बाहेर या.

साखरपुड्याला मंडपवाल्याने हिरवं मॅटिंग अंथरलं. फोटोत कुणाला कळत नाही. जूनमध्ये पाऊस पडल्यावर आबांनी बांधावरची हरळी आणून दिली, फुकट. ती लागलीये.